प्रोग्रामचे प्रूफ कोण वाचणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख व्हावी, असे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. आमच्या सांगलीतही आता त्याचे वर्ग निघाले आहेत. ते निघावेत आणि वाढावेत. मला लिहायचे आहे ते या वर्गांत मुलांच्या हाती पडणाऱ्या मराठी पाठांबद्दल. मी ३१ वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. खिळ्यांच्या जुळणीपासून डीटीपीपर्यंत सगळा काळ पाहिला. गाइडे, दिवाळी अंक, बँकांचे वार्षिक अहवाल, सगळे डोळ्यांखालून गेले आहे.

माझी नात आठवीत आहे. मे महिन्यात तिला पायथन या संगणकभाषेच्या वर्गाला घातले. आठवडाही झाला नसेल, एका संध्याकाळी वही मिटून म्हणाली, "आजोबा, मला नाही हे जमणार. माझं डोकंच नाही त्यात." गणितात कधी मागे न पडलेली पोर. मी तिची पुस्तिका मागून घेतली आणि सवयीने लाल पेन उघडले.

सहाव्या पाठात एक ते पाच आकडे छापणारा चार ओळींचा प्रोग्राम होता. पायथनमध्ये तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या 'फॉर'ची ओळ अपूर्णविरामाने (:) संपते आणि तिच्या पोटातली ओळ थोडी आत सरकवून लिहावी लागते. आपल्या परिच्छेदाची पहिली ओळ आत घेतली काय, न घेतली काय, अर्थ बदलत नाही. इथे ती मोकळी जागा म्हणजेच व्याकरण आहे. पुस्तिका जुळवणाऱ्याने पान नीटनेटके दिसावे म्हणून सगळ्या ओळी डाव्या कडेला लावून टाकल्या होत्या. नातीने तो प्रोग्राम अक्षरन् अक्षर पाहून तीनदा टाइप केला आणि तिन्ही वेळा 'इंडेन्टेशन एरर', म्हणजे ओळ आत सरकवण्यातली चूक, आली. छापलेले चुकीचे असेल, ही शंका तिच्या मनाला शिवलीही नाही. छापलेल्यावर मुलांचा असाच विश्वास असतो, आणि तो असायलाच हवा.

पुढे पाहत गेलो तसा जीव खालीवर होऊ लागला. पाठाची फाइल मोबाइलवरही आली होती. तिच्यातला मजकूर उचलून संगणकात चिकटवला तर वेगळीच गडबड. वर्डमध्ये टाइप करताना सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात. जन्मभर मी सरळ चिन्हांवर खूण करून ती वळणदार करून घेत आलो. छापील मराठीत तीच शोभतात. पायथनला मात्र सरळच लागतात, वळणदार दिसली की तो 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून थांबतो. ओळीचे पहिले अक्षरही वर्ड परस्पर कॅपिटल करतो. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट' या आज्ञेतला पी असा मोठा झाला की तो शब्द पायथनच्या ओळखीचा राहत नाही. 'दुःख'मधल्या विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकलेली प्रुफे मी शेकड्यांनी सुधारली आहेत. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी अक्षरे. तोच हा प्रकार.

आकड्यांचेही तसेच. प्रोग्राममध्ये देवनागरी ५ लिहिला तर चालत नाही, इंग्रजी आकडाच हवा. गंमत म्हणजे प्रोग्रामने प्रश्न विचारल्यावर तुम्ही ५ असे मराठीत उत्तर दिले, तर मजकुराचा आकडा करणारी 'इंट' ही आज्ञा त्याचा बिनतक्रार आकडा करून देते. 'बेरीज' असे चलाचे, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचे, नावही मराठीत ठेवता येते. हे कळले तेव्हा नात इतकी खूश झाली! पण पुस्तिकेत कुठे देवनागरी आकडे, कुठे इंग्रजी, आणि का, याचा एका शब्दाने खुलासा नाही.

शब्दांचा घोळ मला सर्वांत जास्त लागला. तिसऱ्या पाठात 'चल', पाचव्यात 'व्हेरिएबल', सातव्यात 'चलपद'. नातीने वहीत तिघांच्या तीन व्याख्या लिहून ठेवल्या होत्या! माझे मत 'चल'च्या बाजूने आहे, कारण गणिताच्या पुस्तकात तो तिने आधीच वाचलेला आहे. 'फॉर'सारख्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या रचनेला, म्हणजे 'लूप'ला, मात्र लूपच म्हणावे, 'आवर्तन' म्हणून मुलांवर नवे ओझे घालू नये. कोणाला उलटे वाटले तरी हरकत नाही, फक्त पहिल्या पानावर ठरेल ते शेवटच्या पानापर्यंत टिकले पाहिजे. दुसऱ्या पाठात 'प्रिंट'ला कंस नाहीत, चौथ्यात आहेत. बिनकंसाची रीत पायथन २ची, आणि त्याची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीच थांबली. पाच जणांनी पाच पाठ लिहिले आणि ते एकत्र कोणीच वाचले नाहीत, हे पानापानावर दिसते.

बालभारतीच्या पुस्तकात 'करून पहा' दिसले की मुलाचे हात आपोआप कामाला लागतात, 'सांगा पाहू' आले की ते विचार करते. चौकट पाहूनच काय करायचे ते कळते. या पुस्तिकेत टाइप करायचा मजकूर आणि पडद्यावर येणारे उत्तर एकाच टाइपात, एकाखाली एक. नातीने उत्तरही टाइप केले, आणि ओळीआधीची 'पेक्षा मोठे'ची तीन चिन्हेसुद्धा, जी पायथन स्वतः दाखवतो.

वर्गाच्या बाई मनापासून शिकवतात. पुस्तिका त्यांनी लिहिलेली नाही, त्यांच्याकडे ती बाहेरून आली. त्यांच्याशी बोलून आम्ही एक पानी शैलीपत्रक केले. प्रोग्राम चौकटीत आणि टाइपरायटरसारख्या समान रुंदीच्या अक्षरात. उत्तर करड्या पट्टीत. आत सरकवायचे ते नेहमी ४ स्पेस, पायथनच्या स्वतःच्या लेखननियमांत आहे तसे. आणि प्रत्येक प्रोग्राम छापील पानावरून, विषय नवीन असलेल्या मुलाकडून टाइप करवून घ्यायचा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या ध्वनिचित्रफितींतून संगणक शिकवणाऱ्या प्रकल्पातही पाठ असा नवख्याकडून तपासून घेतात. १४ पाठ दुरुस्त करायला आम्हाला तीन आठवडे लागले. नवखी तपासनीस अर्थात माझी नात. तिने ११ चुका काढल्या, त्यातल्या चार माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

कोडिंगचे मराठी पाठ छापायला देण्याआधी कोणाला प्रूफ वाचून हवे असेल तर मी विनामोबदला वाचून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. एक विनंती, कागदाबरोबर मूळ फाइलही पाठवावी. प्रोग्राम आम्ही दोघे चालवून पाहू.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली