खुब्याची दुसरी बाजू दाखवणाऱ्या दादांना

आदरणीय एक्स-रे टेक्निशियन दादा,
सप्रेम नमस्कार.

खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं की पेढे सर्जनच्या केबिनमध्ये येतात. सी-आर्म, म्हणजे थिएटरमधलं फिरतं एक्स-रे मशीन, ढकलत पुढच्या थिएटरकडे निघालेल्या तुमच्यापर्यंत ते पोचतातच असं नाही. म्हणून आम्ही नाशिकमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी मिळून हे पत्र लिहिलंय. एव्हीएनमध्ये पेशंटचा स्वतःचा सांधा वाचतो, त्यात तुमचा वाटा किती मोठा असतो ते सगळ्यांना कळायला हवं.

एव्हीएन म्हणजे खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतलं हाड मरतं. स्टेरॉइडचे मोठे डोस, दारू, मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर, निखळलेला सांधा ही नेहमीची कारणं. पेठ-सुरगाण्याकडचा तरुण पेशंट असेल तर सिकलसेलही तपासावा लागतो. दुखतं जांघेत, कधी नुसतं गुडघ्यात, आणि मग महिनोन्‌महिने गुडघ्यावर नाहीतर कमरेवर उपचार चालतात. मांडी आत वळवताना कळ येते का, एवढं जरी पाहिलं तरी संशय यायला हवा.

हाड मेलं तरी बॉल गोल आहे तोवर ड्रिलिंगला, म्हणजे कोअर डीकम्प्रेशनला, अर्थ असतो. बॉल दबून चपटा झाला की खात्री राहत नाही आणि बोलणं सांधा बदलण्यावर येतं. ही सीमारेषा पहिल्यांदा दिसते ती बहुधा तुमच्या एक्स-रे रूममध्ये. समोरून काढलेल्या फिल्मवर बॉल छान गोल दिसतो आणि फ्रॉग व्ह्यूमध्ये कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे खालचं हाड मोडायला लागलंय. पेशंट कळवळत असला तरी त्याला धीर देऊन, गुडघा बाहेर पाडून तुम्ही तो व्ह्यू काढता. त्यावरून ऑपरेशनच बदलतं. अगदी सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, तेव्हा एमआरआय लागतो, आणि तोही दोन्ही खुब्यांचा. मार न लागता झालेल्या एव्हीएनमध्ये दुसरी बाजू न दुखताही बिघडलेली सापडते.

थिएटरमध्ये तर सगळी भिस्त तुमच्यावर. मांडीच्या बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरची चीर, तिथून गाइड वायर मानेतून वर बॉलमध्ये. वायर शिरण्याची जागा लेसर ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या छोट्या उंचवट्याच्या, पातळीखाली गेली तर मांडीचं हाड तिथेच मोडण्याची भीती, म्हणून पहिला शॉट तिथला. मेलेला भाग बहुतेक वेळा बॉलच्या वरच्या आणि पुढच्या बाजूला असतो. समोरून वायर बरोबर मध्यभागी दिसते, आणि तुम्ही मशीन फिरवून बाजूने दाखवलं की कळतं, ती मागे चाललीय. चांगल्या हाडाला भोक आणि मेलेलं तसंच, असं ऑपरेशन फसण्याचं हे अगदी साधं कारण आहे. घाईत हा बाजूचा शॉट, लॅटरल, टाळायचा मोह आम्हाला होतो. तुम्ही तो होऊ देत नाही.

मग वायरवरून आठ ते दहा मिलिमीटरचा रीमर, म्हणजे हाड कोरणारं पोकळ ड्रिल. कूर्चेखालच्या हाडाच्या साधारण पाच मिलिमीटर अलीकडे थांबायचं. वायर जराशी वाकलेली असली किंवा रीमरच्या नळीत हाडाचा चुरा अडकला, की वायर रीमरबरोबर पुढे सरकते आणि कूर्चा फोडून सांध्यात जाते. हातांना ते जाणवेलच असं नाही. पडद्यावर मात्र वायरचं टोक हललेलं दिसतं. दर काही मिलिमीटरला एक शॉट, आणि तुमचं “सर, वायर पुढे चाललीय.” त्या चार शब्दांनी किती सांधे वाचले, त्याची नोंद कुठल्याच केसपेपरवर नसते.

काही ठिकाणी एका मोठ्या भोकाऐवजी तीन-साडेतीन मिलिमीटरची दोन-तीन बारीक भोकं पाडतात, कुणी कमरेच्या हाडातून काढलेला मगज घट्ट करून आत सोडतात. पद्धत कुठलीही असो, दोन व्ह्यू लागतातच. पुढे साधारण सहा आठवडे कुबड्या, उकिडवं बसणं बंद, आणि मग पुन्हा तुमच्याकडे तेच दोन एक्स-रे, बॉलचा आकार टिकलाय का ते बघायला.

आता थोडं तुमच्याबद्दल. किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली आणि चित्र टिपणारा इंटेन्सिफायर पेशंटच्या जवळ ठेवून, सलग स्क्रीनिंगऐवजी एकेक शॉट देऊन तुम्ही आमच्या अंगावरचे किरण कमी करता. स्वतःचंही तेवढंच बघा. गळ्याचा कॉलर बांधा, किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज एप्रनच्या आत छातीवर लावा, एप्रन घडी घालून टाकू नका, टांगून ठेवा. घडीने आतल्या शिशाला भेगा पडतात. किरणांपासून अंतर दुप्पट केलं की मात्रा पावपट होते, तेव्हा केबल पुरेल तितकं मागे उभं राहा. शॉटआधी “एक्स-रे!” अशी हाक देता, ती देत राहा. आम्हीही एक पाऊल मागे सरकू.

आपले,
नाशिकमधले हाडांचे डॉक्टर