गुडघ्यातल्या खड्ड्यासाठी माझ्याच पेशी वाढवणाऱ्या आमच्या चोपड्याच्या ताईंना

ताई, रामराम.

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण माहेर चोपडा तालुक्यातलं आणि नोकरी मुंबईकडं पेशींच्या लॅबमध्ये, एवढं म्हटलं की तुम्हाला कळेलच. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षानं काढलेला एमआरआय पाहिला आणि खड्डा चांगला भरलाय म्हणाले, बाहेर येऊन पहिला फोन तुम्हालाच लावणार होतो पण घसाच दाटून आला, मग म्हटलं लिहूनच टाकतो, आणि सगळ्यांसमोर लिहितो, कारण आपल्याकडं गुडघेदुखी घरोघरी आहे आणि नको ते सल्ले त्याच्याहून जास्त.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, केळीच्या मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या बागेची, कटाई चालू होती, पावसानं चिखल झालेला, खांद्यावर घड, पाय ठिबकच्या नळीवर सरकला आणि डावा गुडघा सगळ्या वजनासकट पिरगळला. नंतर सहा महिने तो फुगायचा, ओटा उतरताना मध्येच अडकायचा, मग हातानं हलवून सोडवायचा. कोणी म्हणे वंगण संपलं, कोणी म्हणे गादी घासली, मेथी झाली, डिंक झाला, इंजेक्शनं झाली. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते तिचा नव्या रुपयाच्या नाण्याएवढा तुकडाच उडालाय, बाकी गुडघा चांगला. सर्जन म्हणाले तुमच्याच पेशी काढून, लॅबमध्ये वाढवून परत लावू. मी हो म्हटलं पण कळलं काहीच नव्हतं, आणि पैसे तर कपाशीचे सगळे जाणार होते. मित्राकडून तुमचा नंबर मिळाला तो असा.

तो पहिला फोन मला अजून आठवतो. रात्रीची लाईट होती, मी मोटर चालू करून बांधावर बसलेलो, आणि तुम्ही उचलल्या उचलल्या विचारलं, "कोठला शे भाऊ तू?" तिथंच अर्धी भीती गेली. मग म्हणालात, केळीवाला ना तू, टिश्यू कल्चरची रोपं लावतोस ना, मग तुला निम्मं आधीच समजलेलं आहे.

आणि खरंच समजलं. जळगाव जिल्ह्यात जैन कंपनीची टिश्यूची ग्रँड नैन केळी कोणाला माहीत नाही, कंदाच्या टोकाचा एवढासा तुकडा बाटलीत वाढवतात, एकाची खूप रोपं करतात, मग हार्डनिंग करून, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावून, आपल्या वावरात येतात. तुम्ही म्हणालात गुडघ्याचंही तसंच, आधी दुर्बिणीतून ज्या कडेवर वजन पडत नाही तिथला तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा काढायचा, लॅबमध्ये एन्झाईमनं त्याचा आजूबाजूचा गर विरघळवून पेशी मोकळ्या करायच्या आणि ३७ डिग्रीला, म्हणजे अंगाच्याच तापमानाला, त्या वाढवायच्या, दोन-तीन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी, म्हणजे त्यांचं खाणं, बदलायचं, चार-सहा आठवडे. रविवार असो की दिवाळी, पेशींना सुट्टी कळत नाही हे तुम्ही सहज बोलून गेलात, मला मात्र नंतर कितीतरी दिवस ते आठवायचं की आपण इथं झोपलोय आणि तिकडं कोणीतरी हातमोजे घालून आपल्या पेशींचं पाणी बदलतंय.

मी विचारलं होतं की हात कापला तर आठ दिवसात भरतो, मग हे का नाही भरत? तुम्ही म्हणालात कूर्चेत रक्ताची नळीच नाही, जखम भरायला जे रक्तातून येतं ते तिथं पोचतच नाही, दुखणं कळवणाऱ्या नसासुद्धा नाहीत म्हणून नुसती कूर्चा उडाली तर सुरुवातीला फार कळतही नाही. पेशी पण जागेच्या मानानं जेमतेम, शंभरात दोन-चार भाग, बाकी सगळं पाणी आणि कोलॅजनचं, म्हणजे चिवट धाग्यांचं, जाळं, आणि त्यांचं खाणं सांध्यातल्या पाण्यातून येतं, चालताना दाब पडतो-सुटतो तसं स्पंजसारखं आत-बाहेर होतं. लंडनच्या विल्यम हंटर डॉक्टरांनी १७४३ लाच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. आणि ही पेशींची पद्धत पहिल्यांदा माणसावर केली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९८७ मध्ये, ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या टीमनं, १९९४ मध्ये २३ पेशंटचा रिपोर्ट छापला. मी तेव्हा पाळण्यात होतो ताई! मला वाटत होतं माझ्यावर काहीतरी नवीन प्रयोग करताहेत, तुम्ही हे सांगितलं आणि घरी सगळ्यांना झोप लागली.

मायक्रोस्कोपचा जो फोटो पाठवला होता, माझ्या पेशींचा नाही, नुसता दाखवण्यापुरता, तो अजून मोबाईलमध्ये आहे. बाटलीच्या तळाला चिकटलेल्या लांबट पेशी. अंगात त्या गोल असतात, प्लॅस्टिकवर सपाट पसरल्या की हळूहळू आपलं काम विसरतात, कूर्चेऐवजी जखमेच्या वणासारखं कोलॅजन करायला लागतात, म्हणून वाटेल तेवढ्या वाढवत नाही बसायचं. हे तर मला लगेच पटलं, बाटलीत जास्त वेळा फिरवलेल्या टिश्यूत पण वेगळीच झाडं निघतात.

पण ताई, खरे आभार यासाठी नाहीत. आईसाठी आहेत.

माझं ऑपरेशन ठरल्यावर मी म्हटलं आईचेही दोन्ही गुडघे करून घेऊ. जन्मभर वाकून कापूस वेचलाय तिनं, आता पाय धनुष्यासारखे झालेत. शहरात एक जण दोन्ही गुडघ्यांत स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायला तयारच बसला होता, एका वावराचं उत्पन्न जाईल एवढे पैसे सांगत होता. मी तुम्हाला रिपोर्ट पाठवले आणि तुम्ही सरळ नाही म्हणालात. आईची कूर्चा एका जागी नाही उडालेली, दोन्ही बाजूंनी सगळीच झिजलीय, हाडाला हाड लागलंय, "हार्डनिंग झालेलं रोप तू उघड्या खडकावर लावशील का भाऊ?" आमची पद्धत आजूबाजूला चांगली कूर्चा असेल तिथंच चालते, आणि ते इंजेक्शनवालं तर मुळीच करू नको, आईला हाडांच्या चांगल्या डॉक्टरांकडं ने, मांडीचे व्यायाम, वजन, आणि नाहीच झालं तर सांधा बदलायचा.

मला राग आला होता. फोन कट केला आणि आठ दिवस तुमचे फोन उचलले नाहीत. माझ्यासाठी आहे आणि आईसाठी नाही हे मला सहनच होत नव्हतं. आज माफी मागतो. तुम्ही तिथंच नोकरीला, हो म्हणाला असता तर तुमचं काय जात होतं? पण तुम्ही माझ्या आईचे पैसे वाचवले आणि तिला खोटी आशा लागू दिली नाही.

मग माझं झालं. दुसऱ्या ऑपरेशनला खड्ड्याच्या कडा साफ करून पेशी जेलमध्ये कालवून भरल्या, ते जेल काही मिनिटांतच घट्ट होतं म्हणे. आणि त्यानंतरचे सहा आठवडे मात्र कठीण, पाय नुसता टेकवायचा, वजन टाकायचं नाही, मशीनवर गुडघा वाकव-सरळ, वाकव-सरळ. कुबड्या घेऊन बागेच्या टोकाला उभा राहून मजुरांना बघायचो आणि जीव तुटायचा. तुम्ही दर रविवारी विचारायचा, वजन तर नाही ना टाकलं? पेशी लावल्या म्हणजे गादी तयार झाली असं नाही, आता त्या हळूहळू गर तयार करतील, घाई केली तर सगळं उपटून येईल, वर्ष धर. धरलं. आता तास-दोन तास बागेत फिरतो, ओटा उतरताना काही अडकत नाही. घड अजून खांद्यावर घेत नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत घेणारही नाही, आणि देवानं दिलेल्या कूर्चेसारखी शंभर टक्के होईल असं तुम्ही कधी म्हणाला नव्हता हेही लक्षात आहे.

आई रोज सकाळी खाटेवर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबते, दहा मोजते, सोडते. संडासला कमोड बसवला, त्यानंच तिचं निम्मं दुखणं कमी झालं. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं दिवाळीनंतर बघू म्हणालेत डॉक्टर.

थंडीत माहेरी याल तेव्हा आमच्या वावरात या, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजू, कळण्याच्या भाकरी आई करेल, बसूनच करेल, काळजी करू नका. तिचा एक प्रश्न राहिलाय, दोनदा विचारलाय तिनं, माझ्या त्या बाटलीत ज्या पेशी उरल्या असतील त्यांचं तुम्ही काय केलं? पोराचं अंग आहे ते, असं म्हणते. मला सांगता नाही आलं. तुम्हीच सांगा तिला, तुमच्याकडून ऐकेल ती.