ताई, त्या पेन्सिलीसाठी थँक्यू

प्रिय ताई,

असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, म्हणून नाव घेत नाहीये. पण हे उघडपणे म्हणायचंच होतं मला. माझा विश्वास आज उभा आहे त्यात तुमचा वाटा फार मोठा आहे आणि चर्चमध्ये तुमच्याकडे ना माईक आहे ना कुठलं पद.

बाप्तिस्मा झाल्यावर मला काय मिळालं तर टाळ्या, फोटो आणि लगेच वर्शिप टीममध्ये नाव. मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर एक वचन यायचं, त्याच्या मागचं पुढचं काहीच नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचं ४:१३ तर कितीदा आलं असेल, "मला सर्व काही करता येतं" एवढंच, पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे भरल्या पोटी आणि उपाशीपोटी दोन्हीत समाधानी कसं राहायचं ते सांगतोय, तेही कैदेतून, हे कुणी सांगितलंच नाही. कॅम्पला गेलं की रडू यायचं, घरी आलं की सगळं ओसरायचं, मग पुढच्या कॅम्पची वाट बघत बसायचं. आणि आईच्या आजारपणात जेव्हा प्रार्थनेला तोंडातून शब्द फुटेना तेव्हा ज्यांच्याकडे मोठ्या आशेनं गेले त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. बस म्हणायचंही सुचलं नाही त्यांना. माझा राग अजून गेलेला नाही, खरं तेच लिहिते. नव्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा, रिपोर्टमध्ये आकडा वाढवायचा आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, याला मेंढरं राखणं म्हणत नाहीत.

तुम्ही बसवलंत. आणि विचारलंत, "सध्या काय वाचतेस?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी स्तोत्र ८८ उघडलं आणि जरा चिडूनच म्हटलं की बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटी काहीतरी उजेड येतो, १३ व्या स्तोत्रात तो माणूस चारदा "कुठवर" विचारतो पण सहाव्या वचनापर्यंत गायला तरी लागतो, इथे १८ वचनं झाली तरी शेवटी अंधारच, हे बायबलमध्ये कसं काय आहे? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तिथे प्रश्नचिन्ह कर. आपण इथे परत येऊ."

माझा हात थांबला, पवित्र शास्त्रात असं कसं लिहायचं. तर तुम्ही तुमचं बायबल उघडून माझ्याकडे फिरवलंत. समासात जागोजागी पेन्सिलीची प्रश्नचिन्हं, काही पुसट झालेली, काहींच्या शेजारी नंतर कधीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं काहीतरी, आणि काही अजून तशीच. मी ती बघत राहिले ताई. इतकी वर्षं प्रभूबरोबर चालणाऱ्या बाईकडेही न सुटलेलं इतकं आहे, आणि तरी ती रोज सकाळी हेच पुस्तक उघडते. त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, त्याला येशूनं आधी विश्वास पक्का करून ये असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. हे मी ऐकलेलं होतं आधी, पण मला ते लागू आहे हे तुमच्या त्या समासांनी शिकवलं.

मग आपण मार्क वाचायला घेतलं, १६ अध्याय, अगदी सावकाश. वाचून झालं की तुमचा ठरलेला प्रश्न, "मग आता यातलं काय करणार?" सुरुवातीला वैताग यायचा मला. पुढे लूक ६ वाचताना कळलं तुम्ही हे का विचारता, तिथे येशू म्हणतो मला प्रभू प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करत का नाही, आणि लगेच त्या दोन घरांची गोष्ट. ऐकतात दोघंही, पण एकजण खोल खणून खडकावर पाया घालतो आणि दुसरा नुसत्या मातीवर घर उभं करतो. पूर येईपर्यंत कुणाला फरक कळला असता असं मला नाही वाटत. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं आहे, ते वाचलं त्या दिवशी तुम्ही फक्त माझ्या फोनकडे बघितलंत. मावसबहिणीशी मी बोलले त्या संध्याकाळी.

आणि शब्द फुटत नाहीत म्हणाले तेव्हा तुम्ही नवीन टेक्निक शिकवलं नाहीत, मत्तय ६ मधली प्रभूची प्रार्थना एकेक ओळ थांबत म्हणायला लावलीत. आई गेली त्या आठवड्यात मला दुसरं काहीही येत नव्हतं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं मात्र येत होतं.

अजून एक. "मी सांगते म्हणून मानू नकोस, बिरुयाच्या लोकांसारखं स्वतः तपासून बघ," असं तुम्ही नेहमी म्हणायचात. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्या लोकांनी पौलाचंसुद्धा तपासून घेतलं आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. दुसऱ्याला स्वतःवर अवलंबून न ठेवता शिकवणारी माणसं फार कमी असतात. पुढच्याच अध्यायात अपुल्लो एवढा मोठा वक्ता, पण त्याला अपुरं माहीत होतं, तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी सभास्थानात चारचौघांत त्याला खोडून काढलं नाही, बाजूला घेतलं आणि नीट समजावलं. केवढा चांगुलपणा आहे त्यात! अशी माणसं मंडळीत असतात, स्टेजवर नसतात, आणि त्यांच्यामुळे कितीजण टिकून राहतात याचा कुठे रिपोर्ट निघत नाही.

तुमच्या मिस्टरांनाही थँक्यू सांगा, आपलं वाचन लांबलं की ते गुपचूप दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्यांनी. आता रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायाशी येऊन थांबलेय, एकटीनं जमत नाहीये. रविवारी उपासनेनंतर वेळ काढाल का?

तुमचीच,
एक विद्यार्थिनी