व्हिसाची तपासणी आणि माजी सैनिकाचा पत्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे कायमचं राहायला निघालेले आईवडील आता सातारा जिल्ह्यात गावोगाव भेटतात. त्यातल्या माजी सैनिकांची एक वेगळीच अडचण आहे: व्हिसाच्या तपासणीत सेवाकाळातला पत्ता काय लिहायचा. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि सध्या याच अडचणीत अडकलो आहे, म्हणून हे पत्र.

आमची मुलगी लग्नानंतर अमेरिकेला गेली आणि यथावकाश तिथली नागरिक झाली. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. या अर्जांना वार्षिक कोटा नसतो, त्यामुळे भावाबहिणींच्या अर्जांसारखी वर्षानुवर्षांची रांग इथे नाही. मात्र आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्ही दोघं एकाच दिवशी मुलाखतीला गेलो. हिचा व्हिसा झाला. माझ्या हातात एक कागद आला: कलम 221(जी), पुढील तपासणी बाकी.

हे कलम तिकडच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातलं आहे. संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहिली तर 'रिफ्यूज्ड' असं दिसतं. ते बघून माझ्या धाकट्या भावाने फोनवर सांत्वनाला आल्यासारखा आवाज काढला होता! प्रत्यक्षात प्रकरण बंद झालेलं नसतं. तपासणी उरकली की तोच अर्ज पुढे चालतो. कधी, ते कुणी सांगत नाही.

मग एक जादा प्रश्नावली आली, डीएस-5535 नावाची. 2017 पासून ती काही निवडक अर्जदारांना देतात. मागच्या पंधरा वर्षांतले राहण्याचे सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, सगळे परदेश प्रवास आणि त्यांचा खर्च कुणी केला, शिवाय पाच वर्षांतले फोन नंबर, ई-मेल, फेसबुकसारखी खाती. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं या पंधरात येतात. भाची लॅपटॉप घेऊन बसली, मी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, उघडून सांगत होतो. पत्ता काय, तर युनिटचं नाव, मार्फत 56 एपीओ, म्हणजे सैन्याचं डाकघर. पिनकोडही होता, 9 ने सुरू होणारा, सैनिकी डाकेचा. पुढचा रकाना शहराचा. "मामा, गाव कुठलं घालू?" मी गप्प. आठवत नव्हतं म्हणून नव्हे.

खरी अडचण ही आहे, संपादक महोदय. युनिट कुठे होतं हे पत्रावरून कळू नये म्हणून तर एपीओचा पत्ता असतो. तेच आता परक्या सरकारला लेखी द्यायचं का? शासकीय गुपितांचा 1923 चा कायदा पेन्शनीत निघालेल्या माणसाला सुटत नाही. आणि मोघम लिहावं तर समोरच्याला वाटणार, हा काहीतरी लपवतोय. इकडे आड, तिकडे विहीर. मी शेवटी शहराच्या रकान्यात पुन्हा 56 एपीओच लिहिलं, काळ आणि हुद्दा दिला आणि अर्ज पाठवला. त्याने तपासणी लांबली की नाही, देव जाणे.

तपासणीचा मला राग नाही. मी स्वतः गेटवर उभं राहून लोकांची ओळखपत्रं उलटीसुलटी करून पाहिली आहेत. पण बाहेर थांबवलेल्या माणसाला, बाबा, तासभर बस, साहेब आल्यावर बघू, एवढं तरी आम्ही सांगायचो.

दरम्यान हिला थांबता येईना. हा व्हिसा वैद्यकीय तपासणीच्या मुदतीला बांधलेला असतो, ती बहुधा सहा महिन्यांची. शिवाय मुलीचं बाळंतपण. ही गेली. ग्रीन कार्डवर गेलेल्या माणसाला इकडे लांब मुक्काम करता येत नाही, त्यामुळे "जाऊन ये" म्हणण्यातही अर्थ नव्हता. मी गोडोलीत एकटा. थालीपीठ जमतं, भाकरी अजून फुगत नाही. पोवई नाक्यावर भेटणारा प्रत्येक जण "कधी निघणार?" विचारतो. हल्ली मी सरळ "माहीत नाही" म्हणून चालू लागतो. विचारणारे वाईट नसतात, पण रोज तेच उत्तर द्यायला जिवावर येतं.

एका एजंटाने दिल्लीत ओळख असल्याचं सांगून पैसे मागितले. वाचकांनी लक्षात घ्यावं, ही तपासणी दिल्लीत होतच नाही, ती अमेरिकेतल्या यंत्रणा करतात. उलट मुलीला एक सरळ मार्ग आहे. तिथला नागरिक आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे तिथल्या खासदाराच्या, कार्यालयाला संमतीपत्र देऊन चौकशी करायला सांगू शकतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. निकाल काय द्यायचा हे ते सांगू शकत नाहीत, पण चौकशी नोंदली जाते. तिने ती केली आहे. कोर्टात दावा लावणारेही असतात, मात्र कोर्ट फार तर निर्णय घ्या म्हणेल, व्हिसा द्या म्हणणार नाही. माझी वैद्यकीय तपासणी मुदत संपल्यामुळे पुन्हा करावी लागणार. ती त्यांनी मागितल्यावरच करायची, आधी केली तर पैसे पाण्यात. पोलीस क्लिअरन्ससाठी निदान पुणं गाठावं लागत नाही, 2022 च्या सप्टेंबरअखेरपासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही तो अर्ज घेतात. व्हिसा हातात पडेपर्यंत घर भाड्याने देऊ नये की जमीन खंडाने लावू नये, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आता मागणी. अपशिंगे मिलिटरी या गावापासून घरटी फौजी असलेला हा जिल्हा. इथलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पेन्शनीच्या कामात आम्हाला नेहमी मदत करतं. त्याच कार्यालयाने पुण्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत केंद्रीय सैनिक बोर्डाकडून एक लेखी सूचना आणावी: परदेशी व्हिसाच्या अर्जात माजी सैनिकाने सेवाकाळातला पत्ता कसा लिहावा, काय सांगावं, काय सांगू नये. शक्य झाल्यास सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून युनिट, हुद्दा आणि कालावधी यांचा इंग्रजीत छापील दाखला मिळावा, म्हणजे आमच्या डिस्चार्ज बुकातलं हस्ताक्षर लावत कुणाला बसावं लागणार नाही.

आपल्या वाचकांपैकी कुणी माजी सैनिक या तपासणीतून पार पडले असतील, तर त्यांनी शहराच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते याच सदरात कळवावं.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, गोडोली, सातारा