दत्तात्रय दाबकेंची आठवण कोण काढणार?

संपादक महोदय,
सिनेमाचा विषय निघाला की दादासाहेब फाळके, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३ एवढं सगळ्यांना पाठ असतं पण त्यात हरिश्चंद्र कोणी केला विचारलं तर पुण्यातली भलीभली नाटकवेडी माणसंही गप्प बसतात. तो केला दत्तात्रय दामोदर दाबके ह्यांनी, आणि ते मूळचे नाटकातले नट! मला तर ह्याचंच जास्त कौतुक वाटतं कारण तो जमाना संगीत नाटकाचा, नटाची सगळी मदार आवाजावर, पल्लेदार वाक्यं आणि पदांना मिळणारे वन्समोअर, आणि इथे कॅमेऱ्यासमोर आवाजच काढून घेतलेला, समोर प्रेक्षक नाही टाळी नाही, जे काय सांगायचं ते डोळ्यांतून नि हातांतून. आणि आधी कोणी केलेलं बघून शिकावं तर तशी सोयच नाही. शिवाय समोर तारामती म्हणून अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच, कारण बायका तयारच नव्हत्या. पुढे १९२४ साली दाबकेंनी हीच कथा घेऊन स्वतः सिनेमा दिग्दर्शितही केला.

आपल्या लॉ कॉलेज रोडवर एवढं मोठं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे मूकपटातल्या ह्या नटांवर एक छोटं कायमचं दालन करा की, फोटो लावा, जुनी रिळं शाळेच्या पोरांना मोफत दाखवा. बालगंधर्व रंगमंदिरातही निदान एक फोटो दाबकेंचा लागावा ही मनापासून विनंती.

– एक नाट्यप्रेमी वाचक, सदाशिव पेठ, पुणे