प्लॉटवर आधीपासून कोण राहतं, तेही फॉर्ममध्ये विचारा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये बांधकाम परवानगीच्या फायलीत सात-बारा असतो, मोजणीचा नकाशा असतो, झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी असते. त्या जागेवर कोणते पक्षी-प्राणी राहतात, हे मात्र कोणी विचारत नाही. केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना. रो-हाउस, लहान इमारती, गोदामं त्यातून सुटतात.

टिटवीचंच घ्या. ती झाडावर घरटं करत नाही, उघड्या मुरमाड जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. उन्हाळा हा तिचा विणीचा काळ, आणि पावसाआधी सपाटीकरण उरकायला जेसीबी उतरतो तोही तेव्हाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं. म्हणजे मंजूर नकाशा खिशात ठेवून माणूस या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. यात मला बिल्डरपेक्षा फॉर्मचा दोष जास्त दिसतो. (बिल्डरांची बाजू घेण्याची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं!)

बांधकामं थांबवा, असं म्हणणं नाही. टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात, पिल्लं लगेच चालू लागतात. तेवढे दिवस प्लॉटचा एक कोपरा सोडला तरी भागतं.

बिबट्याचं एवढ्यावर भागत नाही. मादी उसात पिल्लं घालते. तो मळा एनए (बिनशेती) होऊन कॉलनी उभी राहिली, की पिंजरा लावायला वन विभागाला फोन जातो. तीच जमीन बिनशेती होताना त्यांना विचारलं का? अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, आणि पायथ्याचा त्र्यंबक रस्ता २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीला लागलाय. नांदूरमध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण तिथले पक्षी हद्दीचा दगड बघून उडत नाहीत.

बांधकाम परवानगीचे नियम ठरवणाऱ्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अर्जासोबत अर्ध्या पानाची वन्यजीव माहिती सक्तीची करा. शंका असेल तिथे नकाशा मंजूर होण्याआधी वन विभागाचा माणूस जागेवर जाऊ द्या, आणि विणीच्या काळात खोदाई नको ही अट प्रारंभ प्रमाणपत्रातच (काम सुरू करायच्या परवान्यातच) घाला. नियमावली बदलायला वेळ लागेल. तोवर नाशिक महापालिका आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला निदान एक परिपत्रक काढा, आणि ते मार्चच्या आत.

आपला,
एक नाशिककर