रत्नागिरीला नेण्याची लाज कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले, की कोकण विभाग राज्यात अव्वल आल्याची बातमी आपल्या पहिल्या पानावर येते आणि आम्हा शिक्षकांचा ऊर भरून येतो. राजापूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे शिकवले, त्यामुळे या यशामागचे मुलांचे आणि पालकांचे कष्ट मला ठाऊक आहेत. त्याच वर्षांत मनाच्या आजाराशी झगडणारी जी मुले माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसली नाहीत, त्यांच्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

अकरावी विज्ञान शाखेतील एक मुलगी दहावीला तिच्या शाळेत पहिली आली होती. दिवाळीनंतर ती पहिल्याच तासाला पोटात दुखते म्हणून घरी जाण्याची परवानगी मागू लागली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिच्या छातीत धडधडे, श्वास पुरेनासा होई, आणि ती बाकाची कड इतकी घट्ट धरून बसे, की बोटांची पेरे पांढरी पडत. मी ती पेरे पाहिली होती, तरीही ‘अभ्यास टाळायची निमित्ते पुरे झाली’ असे तिला सर्वांदेखत सुनावले. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली, रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. मग आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणे घातले, कौल लावला आणि अखेर ‘बाहेरचे काहीतरी आहे’ यावर घरात एकमत झाले. यात आठ महिने गेले. पुढे मुंबईच्या मावशीने तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा चिंताविकार आणि त्याच्या जोडीला नैराश्य असल्याचे निदान झाले. समुपदेशन आणि काही महिन्यांची औषधे यांनी ती सावरली, पण तिचे वर्ष गेले ते गेलेच. घरच्यांना मी दोष देत नाही, त्यांना जे माहीत होते ते त्यांनी मनापासून केले. माहिती करून घेणे हे माझे, शिक्षिकेचे काम होते आणि ते मी केले नव्हते.

निवृत्तीनंतर या विषयावर मिळेल ते वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटासाठी हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ज्या १२ राज्यांत ती पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे मान्य करूनही मी हिशेब मांडला, तर साठ मुलांच्या वर्गात चार मुले येतात. माझ्या प्रत्येक वर्गात अशी चार-चार मुले बसली असतील आणि त्यांतली बहुतेक मला आळशी, उद्धट किंवा लाडावलेली वाटली असतील, हा विचार मन पोखरतो.

कारण या वयातले नैराश्य नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपाने येते आणि घरात त्याला ‘उलट बोलायला लागलाय’ असे म्हणतात. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवणावरची वासना जाणे, आवडते क्रिकेट सुटणे, कशातच लक्ष न लागणे ही लक्षणे दोन आठवडे टिकून राहिली, तर तो स्वभाव समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. एखादे मूल हात धुऊन धुऊन सालटी काढते, दाराची कडी दहा वेळा तपासते, आणि हे निरर्थक आहे हे कळूनही त्याला थांबता येत नाही. हा मंत्रचळ उपचारांनी आटोक्यात येतो. विशी येता येता काहींना नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, शेजारीपाजारी आपल्या वाईटावर आहेत असा संशय बळावतो. आपल्याकडे बाधा म्हणून सर्वांत आधी देवऋषीकडे नेली जातात ती हीच मुले, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी सुधारणेची शक्यता अधिक, हेही याच मुलांच्या बाबतीत सर्वांत खरे आहे. देवावर माझी श्रद्धा आहे. गाऱ्हाणे जरूर घालावे, पण त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठावा.

डॉक्टर मात्र गाठला जात नाही आणि त्याला आपल्या बोलीतले एक वाक्य बरेचसे कारणीभूत आहे असे मला वाटते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे, आणि ‘याला आता रत्नागिरीला न्यायला हवे’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या टोमणा म्हणून वापरत आलो आहोत. ज्या घरात मुलाला खरोखरच तज्ज्ञाला दाखवायची गरज असते, त्या घराला हे वाक्य सुरीसारखे लागते. मुलीचे लग्न कसे जमेल, वाडीत काय बोलतील, या भीतीने आई-वडील आजार झाकून ठेवतात. वास्तविक बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतता येते. औषधांची सवय लागते ही भीतीही अशीच घट्ट बसलेली आहे. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात.

गेल्या गणपतीतली गोष्ट सांगते. आमच्या वाडीतला बावीस वर्षांचा मुलगा मुंबईला नोकरीत आहे, मुंबईजवळच्या दिवा उपनगरात एका खोलीत चौघे राहतात. दरवर्षी भजनाला मृदंगावर तोच असतो. यंदा मृदंग खुंटीलाच राहिला आणि हा मागच्या पडवीत अंधारात बसून होता. ‘मुंबईला जाऊन शिष्ट झाला’ असे लोक म्हणाले. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाई, तीन महिने धड झोप नाही. कशासाठी उठायचे तेच कळत नाही.” मी विचारले, “जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का रे?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे, उलट विचारल्याने मुलाला मनातले बोलता येते. त्याने होकारार्थी मान हलवली. त्या रात्री त्याला एकटे सोडले नाही आणि त्याच पडवीतून १४४१६ या क्रमांकावर फोन लावला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही टेली-मानस सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. सकाळी त्याच्या वडिलांनी बागेच्या फवारणीची औषधे कुलपात टाकली आणि दीड दिवसाचा गणपती पोहोचवून दुसऱ्याच दिवशी ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तो आता औषधे घेत आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्य व शिक्षण विभागांकडे माझी मागणी अशी आहे: प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांचा वार ठरलेला असावा व तो चुकू नये, १४४१६ हा क्रमांक शाळा-महाविद्यालयांच्या फलकांवर आणि एसटी स्थानकांत ठळक लिहावा, वर्गशिक्षकांना ही लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. आपणही निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर, गुणवंतांच्या छायाचित्रांशेजारी, तो क्रमांक छापावा अशी विनंती आहे. आणि तज्ज्ञांच्या तपासणीची वेळ ठरवताना एसटीचे वेळापत्रक समोर ठेवावे. आमच्याकडून सकाळची पहिली गाडी तालुक्याला साडेदहाला पोहोचते आणि परतीची शेवटची साडेचारला सुटते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी